ब्रिटनमधील प्रागैतिहासिक शिलावास्तु आणि पूर्वसंशोधकांचे पूर्वग्रह

१

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, सॅलिसबरी शहराच्या उत्तरेस, एका उघड्या माळावर स्टोनहेंज नांवाचें शिलावर्तुळ उभें आहे. त्यांतील मोठ्या शिळांपैकीं बहुतेक शिळांचें वजन २० टनांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भरतें. उभ्या शिळांच्या माथ्यावर आडव्या शिळा बसविलेल्या आहेत. त्या नुसत्या ठेवून दिलेल्या नसून, उभ्या शिळेच्या माथ्यावर कुसूं काढून आडवीच्या पोटांत त्यास जुळती खोबण कोरलेली आहे. तेथून सुमारें ३० किलोमीटर उत्तरेस एव्हबरी येथें याहून पुष्कळ विस्तृत वर्तुळ आहे. त्याचा व्यास सुमारें ३३० मीटर असून त्याच्या आंत पुढें एक खेडेंहि वसलें. या वास्तु ज्यांनीं उभारल्या त्यांस लिपि नव्हती. त्यांनीं आपल्याविषयीं एक अक्षरहि मागें ठेविलें नाहीं. म्हणून त्यांच्याविषयीं जें कांहीं लिहिलें गेलें तें सर्व परक्यांनीं व उत्तरकालीनांनीं लिहिलेलें आहे.

या वास्तूंचें साद्यंत वर्णन करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. ज्या विद्वानांनीं त्यांचा अर्थ लाविला त्यांच्या विचारपद्धतीचें परीक्षण करणें, एवढाच हेतु आहे. इसवी सनाच्या सतराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शिळांचे कर्ते म्हणून रोमन, डेन, फिनिशियन, मायसीनियन अशीं अनेक नांवें पुढें आलीं. उत्तरें भिन्न, परंतु त्यांच्या मुळाशीं असलेलें गृहीत बहुधा एकच होतें. तें असें कीं, या बेटांचे मूळ रहिवासी रानटी होते, सबब असलें काम त्यांच्या हातून होणें शक्य नाहीं. हें गृहीत पुराव्यांतून निघालेलें नव्हतें. तें पुराव्याच्या आधींच येऊन बसलेलें होतें. त्यानें पुराव्याची काय गत केली हें पाहणें जुने कागद व जुन्या वस्तु यांचा संग्रह करणारांस उपयोगाचें आहे. शिवाय या विद्वानांपैकीं एकानें हाच मापदंड आमच्या लेण्यांस व देवळांसहि लाविला होता. तेव्हां हा विषय आम्हांस अगदींच परका नव्हे.

२

आरंभ दंतकथेपासून करूं. मन्मथचा जॉफ्री यानें इ. स. ११३६ च्या सुमारास ब्रिटनच्या राजांचा जो इतिहास लिहिला, त्यांत या शिळा पूर्वीं राक्षसांनीं आफ्रिकेंतून आयर्लंडांत आणल्या व पुढें मर्लिन नामक जादुगारानें त्या तेथून सॅलिसबरीच्या माळावर हलविल्या, अशी कथा आहे. सॅक्सनांनीं कपटानें मारलेल्या ब्रिटिश सरदारांचें स्मारक म्हणून त्या उभारल्या, असेंहि तींत म्हटलें आहे. आमच्याकडे लेणें दिसलें कीं तें पांडवांनीं एका रात्रींत कोरलें असें सांगतात, त्याच जातीची ही कथा होय. तींत कोणाचा तिरस्कार नाहीं. आश्चर्य मात्र आहे.

तिरस्कार आला तो विद्येबरोबर. युरोपांत प्राचीन लॅटिन ग्रंथांचें अध्ययन वाढलें तसें सीझर, टॅसिटस यांचे ब्रिटनविषयींचे उल्लेख प्रमाण मानले जाऊं लागले. सीझरनें इ. स. पू. ५५ व ५४ या वर्षीं त्या बेटावर स्वारी केली होती. अंतर्भागांतील लोक धान्य पेरीत नाहींत, दूध व मांस यांवर राहतात, कातडीं पांघरतात व अंगास निळा रंग फांसतात, असें तो लिहितो. हा जेत्याचा लेख. त्यांतहि बराच भाग ऐकीव. परंतु त्याहून मोठा दोष कालाचा आहे. स्टोनहेंजच्या मोठ्या शिळा इ. स. पू. २५०० च्या सुमारास उभारल्या गेल्या, हें आतां सिद्ध झालें आहे. म्हणजे सीझर व त्या शिळांचे कर्ते यांच्यामध्यें जवळजवळ साडेचोवीसशें वर्षांचें अंतर आहे. पेशवाईंतील एखाद्या टिपणावरून कार्ल्याच्या लेण्याच्या कर्त्यांची योग्यता ठरवावी, त्याहूनहि हें अंतर अधिक आहे.

याच सुमारास इंग्रजांचा अमेरिकेशीं संबंध आला. जॉन व्हाइट या चित्रकारानें १५८५ सालीं व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील रहिवाश्यांचीं चित्रें काढिलीं. १५९० त तीं ताम्रपटांवर कोरून छापलीं गेलीं, तेव्हां त्यांच्यासोबत अंग रंगविलेल्या प्राचीन पिक्ट लोकांचीं कल्पित चित्रेंहि जोडण्यांत आलीं. ब्रिटनचे रहिवासीहि एके काळीं असेच रानटी होते, हें दाखविण्याचा त्यांत उद्देश होता. येथून पुढें प्राचीन ब्रिटनाचें जें चित्र विद्वानांच्या मनांत उभें राहिलें, तें अर्धें सीझरचें व अर्धें अमेरिकेंतील वसाहतवाल्यांचें होतें. स्वतःच्याच पूर्वजांकडे पाहावयाचें तें जिंकलेल्या परक्यांकडे पाहण्याच्या दृष्टीनें, अशी ही विलक्षण परिस्थिति होती.

३

या दृष्टीचें पहिलें मोठें फळ म्हणजे इनिगो जोन्स याचें मत. जोन्स हा राजाचा वास्तुशिल्पी असून त्यानें इटलींत राहून रोमन इमारतींचा अभ्यास केला होता. इ. स. १६२० मध्यें पहिल्या जेम्स राजानें त्यास स्टोनहेंजची पाहणी करण्याची आज्ञा केली. जोन्स १६५२ त वारला. त्याच्या टिपणांवरून जॉन वेब यानें १६५५ त ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील सिद्धांत असा कीं, हें रोमनांनीं आकाशदेवतेचें म्हणून बांधलेलें मंदिर होय. त्याची कोटी सरळ आहे: प्राचीन ब्रिटन लोकांस वास्तुविद्या ठाऊक नव्हती, येथें तर प्रमाणबद्धता दिसते, म्हणून कर्ते रोमन.

मत चुकलें एवढ्यावर आमचा कटाक्ष नाहीं. मतें चुकतातच. पण जोन्सचा आराखडा पाहिला म्हणजे ग्रह पुराव्यांत कसा शिरतो हें स्पष्ट दिसतें. स्टोनहेंजच्या मध्यभागीं दोन उभ्या व एक आडवी अशा शिळांचीं पांच त्रिकुटें नालाच्या आकारानें मांडलेलीं आहेत. जोन्सनें तीं सहा दाखवून त्यांचा षट्कोन केला. कारण रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हियस यानें रंगमंदिराच्या आराखड्यासाठीं सांगितलेले वर्तुळांतील चार समभुज त्रिकोण तेव्हांच जुळत होते. जें सहावें त्रिकुट माळावर नव्हतें तें कागदावर आलें.

पुढें १६६३ त वॉल्टर चार्लटन या राजवैद्यानें जोन्सचें खंडन करून ही वास्तु डेन लोकांची, व त्यांच्या राजांच्या निवडीची जागा, असें प्रतिपादन केलें. १६७६ त एलेट सॅम्स यानें फिनिशियन व्यापारी पुढें केले. रोमन गेले, डेन आले. डेन गेले, फिनिशियन आले. पण त्या मुलखाच्या रहिवाश्यांचें नांव या तिघांच्याहि यादींत नव्हतें.

४

या काळांत निराळ्या रीतीनें विचार करणारा एक मनुष्य होऊन गेला, तो जॉन ऑब्री. १६४९ च्या जानेवारींत शिकारीच्या निमित्तानें फिरत असतां त्यास एव्हबरीचें महत्त्व प्रथम कळलें. १६६३ त त्यानें तें स्थान दुसऱ्या चार्ल्स राजास दाखविलें. ऑब्रीनें ग्रंथांवर सर्वस्वीं विसंबून न राहतां शिलावर्तुळांची तुलना केली. अशीं वर्तुळें रोमन, सॅक्सन वा डेन यांची सत्ता जेथें कधीं पोंचली नाहीं अशाहि प्रदेशांत सांपडतात. तेव्हां तीं त्या लोकांचीं नव्हत, तद्देशीयांचींच होत, असें त्याचें अनुमान होतें. तुलनेची ही पद्धति निर्दोष होती. तथापि हाच ऑब्री प्राचीन ब्रिटनांस अमेरिकेंतील रहिवाश्यांपेक्षां दोन-तीन पायऱ्याच कमी रानटी मानीत असे. आणि वर्तुळांचे कर्ते शोधतांना तोहि अखेर सीझर व प्लिनी यांच्या ड्रुइड पुरोहितांपाशींच जाऊन थांबला. काळाच्या ग्रहांतून मनुष्य अर्धाच सुटतो, याचें हें उदाहरण होय.

त्याच्या हस्तलिखिताची कथा संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्याचा प्राचीन वास्तुविषयक महाग्रंथ त्याच्या हयातींत छापला गेला नाहीं. तो ऑक्सफर्ड येथील बॉडलीयन ग्रंथालयांत राहिला व त्याचें मुद्रण १९८० नंतर झालें. जोन्सचें मत तीन वर्षांत छापखान्यांतून बाहेर पडलें. ऑब्रीचें तीनशें वर्षें दप्तरांत पडून होतें.

ऑब्रीच्या मार्गानें विल्यम स्टुकली गेला. १७१९ ते १७२४ या वर्षांत त्यानें स्टोनहेंज व एव्हबरी येथें वारंवार जाऊन मोजणी केली. स्टोनहेंजकडे येणारा प्राचीन मार्ग त्यानें ओळखला. त्या मार्गाचा रोख उत्तरायणाच्या परमावधीच्या सूर्योदयाकडे आहे हेंहि त्यानें नमूद केलें. परंतु १७२९ त त्यानें धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली, आणि १७४० व १७४३ सालीं ग्रंथ छापतांना ड्रुइड हे बायबलांतील अब्राहामाच्या शुद्ध धर्माचे वारस होते हें सिद्ध करण्याकडे त्याचा सर्व रोख राहिला. येथें पूर्वजांविषयीं तिरस्कार नाहीं, आदर आहे. पण त्यांस आदर देण्यासाठीं त्यांस आधीं ख्रिस्ती करावें लागलें! एव्हबरीची रचना सर्पाकृति आहे असें त्याचें म्हणणें होतें. सर्पाचें मस्तक लांबट असावें म्हणून ओव्हरटन टेकडीवरील वर्तुळें, जीं त्यानें टिपणांत गोल नोंदविलीं होतीं, तीं छापील ग्रंथांत लंबगोल झालीं.

तीं वर्तुळें १७२४ च्या सुमारास शेतकऱ्यांनीं उखडून टाकिलीं. १९३० त मॉड कनिंग्टन या बाईंनीं स्टुकलीच्या नोंदींच्या आधारें तें स्थान पुन्हां हुडकून काढलें. शिळांचे खड्डे मिळाले, आणि ते गोलाकार होते. तसेंच, एव्हबरीच्या पश्चिमेस एक दुसरी शिलापंक्ति आपण पाहिली असें स्टुकलीनें लिहिलें होतें. सर्प पुरा करण्यासाठीं त्यानें ती कल्पिली असावी, असा संशय पुढील विद्वानांनीं घेतला. १९९९ त तेथें उत्खनन होऊन ती पंक्ति खरी ठरली. तात्पर्य, त्याच्या डोळ्यांनीं पाहिलेलें बहुतेक खरें निघालें. सिद्धांतानें दुरुस्त केलेलें तेवढें खोटें निघालें.

५

एकोणिसाव्या शतकांत पूर्वग्रहानें शास्त्राचा वेष घेतला. जॉन लबक यानें १८६५ त प्रागितिहासावर सुप्रसिद्ध ग्रंथ लिहून जुनें व नवें अशीं पाषाणयुगाचीं दोन अंगें ठरविलीं. त्यानें एव्हबरीची जमीन विकत घेऊन शिळा वांचविल्या व १८८२ चा स्मारकसंरक्षणाचा कायदा घडवून आणिला. त्याचें हें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण त्याच्या ग्रंथांत ऑस्ट्रेलिया वगैरे देशांतील हयात लोक हे गतकाळाचे जिवंत नमुने म्हणून मांडलेले आहेत. प्रगतीची एकच शिडी. तिच्या माथ्यावर समकालीन इंग्रज. इतर सर्व, मग ते मृत असोत वा जिवंत, खालच्या पायऱ्यांवर.

या शिडीचा सर्वांत निःशंक उपयोग जेम्स फर्ग्युसन यानें केला. फर्ग्युसनचें नांव महाराष्ट्रांत अपरिचित नाहीं. बंगाल्यांत निळीचा व्यापार केल्यावर तो हिंदुस्थानभर हिंडला. १८४५ त त्यानें येथील लेण्यांवर ग्रंथ लिहिला आणि १८८० त बर्जेस याच्यासह लेण्यांविषयीं दुसरा मोठा ग्रंथ सिद्ध केला. अजिंठा व कार्ले यांच्या अभ्यासाचा पाया घालणारांत त्याची गणना होते. याच फर्ग्युसननें १८७२ त सर्व देशांतील ओबडधोबड शिलावास्तूंवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें मत असें कीं, असंस्कृत लोक आपण होऊन मोठ्या दगडांच्या इमारती उभारावयास लागत नाहींत; रोमनांचें काम पाहिल्यावरच ब्रिटनच्या लोकांस ती बुद्धि झाली. म्हणून स्टोनहेंज त्यानें इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत ओढलें, आणि त्यासाठीं जॉफ्रीच्या त्या सरदारांच्या कत्तलीच्या कथेचा आधार घेतला. येथें दगडावरून काल ठरला नाहीं. लोकांच्या योग्यतेविषयींच्या ग्रहावरून ठरला. त्याची चूक तीन हजार वर्षांची निघाली.

६

आतां तोच मापदंड हिंदुस्थानांत कसा लागला तें पाहूं. भाजें व कार्लें येथील चैत्यगृहांची घडण लांकडी बांधणीची नक्कल आहे, त्यांच्या छतांस खऱ्या लांकडाच्या कमानी बसविलेल्या आहेत, हें फर्ग्युसनचें निरीक्षण मार्मिक होतें व आजहि मान्य आहे. पण त्यावरून त्यानें असें ठरविलें कीं, ग्रीकांचा संबंध येण्यापूर्वीं येथील लोकांस दगडी बांधकाम येत नव्हतें. याचा प्रतिवाद राजेंद्रलाल मित्र यांनीं केला. १८८१ त त्यांचा निबंधसंग्रह निघाला. फर्ग्युसननें १८८४ त मित्रांविरुद्ध एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. इल्बर्ट बिलाचा वाद तेव्हां ताजा होता. आणि वास्तुशास्त्राच्या त्या वादाचा संबंध फर्ग्युसननें, हिंदी न्यायाधीशांनीं युरोपीयांचा न्याय करावा काय, या प्रश्नाशीं उघडपणें जोडला. शिळांच्या कालनिर्णयांत राज्यकर्त्याचा अभिमान किती जवळ उभा असतो, याचें याहून स्पष्ट प्रमाण विरळाच मिळेल.

परंतु फर्ग्युसननें केवळ आमचा द्वेष केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. ब्रिटनांनीं रोमनांवांचून दगड उभारला नाहीं, हिंदूंनीं ग्रीकांवांचून दगड घडविला नाहीं, हीं दोन्ही वाक्यें एकाच लेखणींतून व एकाच गृहीतांतून निघालीं. स्वतःच्या देशाच्या पूर्वजांसहि त्यानें वगळलें नाहीं. म्हणूनच हा वैयक्तिक द्वेषाचा प्रश्न नसून पद्धतीचा आहे.

योगायोग असा कीं, ज्या लांकडी नकलेवरून त्यानें आमच्या कारागिरांची योग्यता ठरविली, तशीच नक्कल स्टोनहेंज येथेंहि आहे. कुसूं व खोबण ही सुताराची विद्या. दगडावर दगड ठरण्यास तिची वस्तुतः गरज नाहीं. १९२५ त विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांत स्टोनहेंजनजीक लांकडी खांबांच्या वर्तुळांच्या खुणा दिसल्या व लागलीच त्या स्थानाचें उत्खनन झालें. त्यास वुडहेंज म्हणतात. तेव्हां लांकडांत मुरलेला हात दगडाकडे वळला, ही गोष्ट दोन्हीं देशांत घडली. कार्ल्याच्या चैत्याचें मुख धेनुकाकट येथील सामि नामक सुतारानें केलें, असा लेख तेथेंच कोरलेला आहे. विल्टशायरच्या सुतारास लिपि नव्हती. त्यानें फक्त कुसूं मागें ठेविलें. एकास नांव आहे व दुसऱ्यास नाहीं, एवढ्यावरून दुसऱ्याची योग्यता कमी ठरत नाहीं.

उलट दिशेनेंहि ही देवघेव झाली. मेडोज टेलर यानें शोरापूर प्रांतांतील शिलावर्तुळांचें व थडग्यांचें काळजीपूर्वक वर्णन केलें. पण त्यांस केल्टिक, ड्रुइड अथवा सिथियन अशीं आयातीचीं नांवें दिलीं. नागपूरजवळ जुनापाणी येथील वर्तुळांतील शिळांवर वाटीसारखे खळगे आहेत. रिव्हेट-कार्नाक यानें १८७९ त त्यांची तुलना ब्रिटनमधील तसल्याच खुणांशीं केली. पुढें विदर्भांत जीं उत्खननें झालीं त्यांत लोखंडाचीं हत्यारें, घोड्यांचे अवशेष, आणि नायकुंड येथें लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, काल इ. स. पूर्वींच्या पहिल्या सहस्रकाचा निघाला. ब्रिटनमधील वर्तुळांहून हीं हजार-दोन हजार वर्षांनीं अलीकडचीं. आकारसाम्य म्हणजे वंशसंबंध नव्हे, हें यावरून उघड होतें.

७

विसाव्या शतकांतहि हा ग्रह सहजीं सुटला नाहीं. १९५३ त रिचर्ड ॲटकिन्सन यास स्टोनहेंजच्या एका शिळेवर कट्यारीची कोरीव आकृति दिसली. तशी कट्यार ग्रीसमधील मायसीनी येथें असे, म्हणून या वास्तूचा योजक भूमध्यसमुद्राकडून आला असावा, असें त्यानें १९५६ च्या ग्रंथांत मांडलें. स्थानिक लोक त्याच्या मतें त्या योजनेस असमर्थ होते. ॲटकिन्सन हा प्रत्यक्ष उत्खनन करणारा अधिकारी पुरुष होता. तरी त्याचा युक्तिवाद जोन्सच्याच सांच्यांतला आहे.

निर्णय अखेर कोळशानें व झाडांनीं दिला. १९४९ त किरणोत्सर्गी कर्बावरून काल काढण्याची रीति निघाली. पुढें अमेरिकेंतील दीर्घायुषी पाइन वृक्षांच्या वार्षिक वलयांशीं ताडून ती दुरुस्त केली गेली. तेव्हां स्टोनहेंजच्या मोठ्या शिळा मायसीनीच्या राजथडग्यांहून सुमारें नऊशें वर्षें जुन्या ठरल्या. कॉलिन रेनफ्रू यानें १९६८ मध्यें व नंतर १९७३ च्या ग्रंथांत याचा अर्थ विशद केला. शिळांवरील कुऱ्हाडी व कट्यारी शिळा उभारल्यानंतर कित्येक शतकांनीं कोरलेल्या आहेत, हेंहि पुढें स्पष्ट झालें. लहान निळसर शिळा वेल्समधील प्रेसेली डोंगरांतून आल्याचें हर्बर्ट थॉमस यानें १९२३ तच दाखविलें होतें. २०२४ त मध्यभागींची सहा टनांची शिळा ईशान्य स्कॉटलंडांतून, म्हणजे निदान ७०० किलोमीटरांवरून, आल्याचें निष्पन्न झालें. ज्यांस रानटी म्हटलें त्यांनीं साऱ्या बेटाच्या एका टोंकाकडून शिळा आणली होती.

८

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. परकीय कर्त्यांचा सिद्धांत खोटा ठरला म्हणून परकीयांचें आगमनच खोटें, असें मानणें हा उलटा पूर्वग्रह होय. प्राचीन अस्थींतील अनुवंशद्रव्याच्या २०१८ व २०१९ सालच्या अभ्यासांवरून असें दिसतें कीं, ब्रिटनमधील पहिले शेतकरी इ. स. पू. ४००० च्या सुमारास युरोप खंडांतून आले व त्यांचे दूरचे पूर्वज अनातोलियाकडील होते, आणि इ. स. पू. २४५० नंतर कांहीं शतकांत तेथील लोकसंख्येच्या वंशाचा सुमारें ९० टक्के भाग नव्यानें आलेल्या लोकांनीं बदलला. लांब टेकाडांत लांब कवट्या व वाटोळ्या टेकाडांत वाटोळ्या कवट्या सांपडतात, असें जॉन थर्नम यानें १८६५ च्या सुमारास म्हटलें होतें. दोन निरनिराळे समाज होते एवढें त्याचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. निराधार होतें तें कवटीवरून योग्यता ठरविणें. लोक येतात, जातात, मिसळतात. हा पुराव्याचा प्रश्न आहे. अमक्यांस अमुक येणें शक्यच नाहीं, हा मात्र पुराव्याचा प्रश्न नव्हे.

आमच्या घरींहि पाहावें. अंबरनाथचें देऊळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चें, असें तेथील लेख सांगतो. यादवांचा प्रधान हेमाद्रि त्यानंतर दोनशें वर्षांनीं झाला. तरी त्या देवळास हेमाडपंती म्हणण्याची वहिवाट आहे. ज्याचें नांव ठाऊक त्याच्या पदरीं अज्ञाताचें काम घालावें, ही खोड केवळ इंग्रजांची नव्हे. गांवकुसाबाहेर पडलेली शिळा, कोणा वडाराच्या वा लोहाराच्या हातची वस्तु आपल्या संग्रहांत येते, तेव्हां हें यांचें असणें शक्य नाहीं, असें आपल्या मनांत उमटत नाहीं काय?

उत्तरकालीन बखरीपेक्षां समकालीन अस्सल कागद श्रेष्ठ, हा दंडक आमच्या संशोधकांनीं फार पूर्वीं घालून दिला. ब्रिटनमधील शिळांचा इतिहास त्या दंडकास एक पुरवणी जोडतो: जेथें कागदच नाहीं तेथें वस्तु हाच समकालीन कागद होय, आणि तो वाचतांना कर्त्याची योग्यता वस्तूवरून ठरवावी, वस्तूचा कर्ता कल्पित योग्यतेवरून ठरवूं नये. स्टुकलीचा सर्प गेला, त्याचे ड्रुइडहि गेले. परंतु माळावर उभें राहून त्यानें जें मोजलें व जसेंच्या तसें लिहून ठेविलें, त्यावरून दोनशें वर्षांनीं हरवलेलीं वर्तुळें सांपडलीं. आपल्या संग्रहांतील प्रत्येक वस्तूची नोंद करतांना, जें दिसलें तें एका रकान्यांत व जें वाटलें तें दुसऱ्या रकान्यांत लिहावें. पुढच्या पिढीस पहिला रकाना लागेल.